शेजारचे पंखे

स्टॅबिलायझरचा काटा लाल पट्ट्यातून वर यायला तयार नव्हता, आणि त्याच्याखाली दाबून ठेवलेल्या पाकिटाचा कोपरा तेवढा बाहेर डोकावत होता – बंगळूरच्या त्या अभ्याससंस्थेचं पत्र, दिवाळीनंतर आलेलं, ज्याला प्रेमानंदांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. खाटेवर त्यांच्या पत्नी विमलबाई वाफेच्या यंत्राचा मास्क तोंडाशी धरून बसल्या होत्या. यंत्र नुसतं घुरघुरत होतं. औषधाची वाफ काही येत नव्हती.

आणि मग रोजच्यासारखा शेजारच्या मंगलचा आवाज, गल्लीभर –

"अक्काची मशीन लागली गं! बंद करा समदे!"

एकेका घरातला पंखा थांबत गेला. काटा हळूहळू वर सरकला, मास्कमध्ये पांढुरकं धुकं जमलं, विमलबाईंच्या खांद्यांची ओढाताण जरा उतरली... ठाणाकुशनूरच्या या टोकाच्या वस्तीपर्यंत येता येता वीज दमून जाते, म्हणून बायकांनीच आपसात पाडलेली ही रीत. कधी कुणाचं शिलाईचं यंत्र, कधी कुणाचा मिक्सर, आणि गेल्या उन्हाळ्यापासून अक्काचा श्वास. एकाचं चालायचं तर बाकीच्यांनी थांबायचं.

पत्र प्रेमानंदांना पाठ होतं. संस्थेची मुलं मीटरचे आकडे उतरवायला आली तेव्हा घरोघर त्यांनीच तर हिंडवलं होतं. 'आपल्या वस्तीतील घरांची विजेची गरज मुळात कमी असून लोक समाधानी दिसतात. या अंदाजाने नवा ट्रान्सफॉर्मर लहान क्षमतेचा पुरेल. आपण जाणकार आहात. काही चूक असल्यास उन्हाळा संपण्याआधी कळवावे.'

जाणकार! औरादच्या वाचनालयात उभा जन्म पुस्तकांवर शिक्के मारण्यात गेला – पत्रासोबतच्या त्या रंगीत आलेखांपुढे मी कोण? आपलंच काही समजण्यात चुकत असेल... दोनदा लिहायला बसले, दोनदा कागद फाडला. पण अडलं होतं ते तिथं नव्हतंच. खरं लिहायचं म्हणजे हे लिहावं लागणार होतं, की आमच्या घरातला एक श्वास चालावा म्हणून अख्खी गल्ली उकडत बसते – आणि ते स्वतःच्या अक्षरात बघण्याची त्यांना लाज वाटत होती.

ते दारात आले. विहाराच्या भिंतीच्या सावलीत मंगल तान्ह्या पोराला पदरानं वारा घालत होती. पोराची मान घामोळ्यांनी लाल झालेली.

"कामून उठलाव अप्पा? बसा की अक्कापाशी."

"बाळ भिजलंय गं घामानं."

"भिजंना का. वाळंल पुन्ना." ती हसली. "का तुमी येऊन वारा घालताव व्हय?"

"मंगल... ते बंगळूरचे लोक आले होते बघ. त्यांनी लिहिलंय, आपल्याला वीज फार लागतच नाही म्हणून."

"लागत न्हाई?" पदर थांबला. "त्यास्नी म्हणावं, या भर दुपारचं, पंखा बंद करून बसा माझ्यापाशी, आन् मंग सांगा. तुमी काय कळवलाव?"

त्यांनी वळून आत, स्टॅबिलायझरखालच्या पाकिटाकडे पाहिलं. मंगलचं हसू मावळलं.

"इतके बुकं वाचलाव अप्पा. एक कागूद लिवायला काय झालतं?"

ते आत आले, आणि संतापानं त्यांनी ते पाकीट स्टॅबिलायझरखालून ओढून काढलं. समाधानी! कोरड्या नळाखाली घागर ठेवायची, ती भरली नाही की लिहायचं, या घराला तहान नाही. बंद केलेला पंखा मीटरला कसा दिसणार? त्या पोराची मान कुठल्या आलेखात येणार? आणि वीज कमी जळते म्हणून लहान ट्रान्सफॉर्मर, लहान म्हणून पुन्हा पंखे बंद, बंद म्हणून पुन्हा कमी... म्हणजे आम्ही एकमेकांसाठी सोसायचं आणि त्यांनी तेच सोसणं आमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरायचं! आणि मी, सगळं ठाऊक असलेला, लाजेचं पांघरूण घेऊन महिनोन् महिने गप्प – ती लाज माझी होतीच कुठे? ती तर त्यांना वाटायला हवी होती.

या वेळी कागद फाटला नाही. कोण, कुणासाठी, काय बंद करून बसतं ते त्यांनी घरागणिक, सरळ लिहिलं. सुरुवात स्वतःच्या घरापासून केली. 'तुम्ही आमचा वापर मोजलात आणि त्याला गरज म्हटलंत,' असं लिहून खाली सही केली, आणि उन्हं उतरायची वाट न पाहता टपाल कचेरी गाठली.

पाकीट पेटीत पडल्याचा आवाजसुद्धा नीट आला नाही. परतताना सवयीनं त्यांचं मन त्या मजकुरावरून पुन्हा फिरू लागलं – कुठं शब्द कडक झाला का, कुठं काही अधिक-उणं... चुका असतीलही. ते लोक वाचतील, की फाईलला लावून टाकतील, कोण जाणे. मग चालता चालता त्यांच्या ध्यानात आलं, की एवढ्या लांब पत्रात आपण कुठंही 'क्षमा असावी' लिहिलेलं नाही. जन्मात पहिल्यांदा. छातीत धस्स होईल म्हणून ते क्षणभर थांबले... तसं काही झालं नाही. संताप होता तसाच होता, आणि आता तो त्यांना परका वाटत नव्हता.