नाकातला वारा

माणसाने हट्टी असावं, पण किती? आता या बाबांचंच बघा. फुप्फुसं थकलेली, जिना केव्हाच सुटलेला, ऑक्सिजनची नळी नाकाला हवीच असं डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलेलं. घरात यंत्र आहे, नळी आहे, आणि तसल्या नळ्या बनवणारी पोटची पोरगी आहे. तरी पोरगी संध्याकाळी कामावरून आली की नळी उशाखाली, आणि बाबा पलंगावर धापा टाकत, तोंडभर हसत म्हणणार, "या इंजिनिअरीणबाई! चला, पुढे सरका, पुढे जागा आहे!"

आयुष्य बसमध्ये कंडक्टरकीत गेलेलं. इंजिनाच्या घरघरीत ओरडून ओरडून आवाज मोठा झाला आणि कान अर्धे गेले. पण बोलायची हौस काही गेली नाही.

"बाबा, नळी?"

"आत्ताच काढली गं. लावतो."

लावतो म्हणजे डोंबल! ती समोर आहे तोवर नळीला हात लागायचा नाही. दोनदा तिने स्वतः लावून दिली, तर पाणी आणायला पाठ फिरवली की पुन्हा उशाखाली. मग ती स्वयंपाकघरात जायची आणि भांडी आपटत पुटपुटायची. "छळा मला. मी काय, आहेच रिकामी!" भांड्यांच्या आवाजात बाबांना हे ऐकू यायचं नाही, म्हणून तिला मनसोक्त पुटपुटता यायचं. घरातली तिची ती एकच चैन होती.

बरं, नळी साधीसुधी नव्हती. कारखान्यात तिला सगळे नळीवालीच म्हणायचे. नाकात जाणारी दोन टोकं इतकी बारीक आणि मऊ तिने केली होती की लावल्याचं कळूही नये. पहिला नमुना डॉक्टरीणबाईंना दाखवून तिने बाबांसाठीच घरी आणला होता. जगाला चालेल ती नळी आणि बापालाच नको? हे तिला फार लागलं होतं.

त्यात डॉक्टरीणबाई आल्या. त्या नेहमी दवाखाना आटोपून संध्याकाळीच यायच्या. बाबांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, आकडा बघितला आणि चेहरा उतरला. तिला दारापाशी घेऊन हळूच म्हणाल्या, "हे असं चालायचं नाही. पुढच्या आठवड्यात परत बघते. तेव्हाही एवढाच खाली असला तर त्यांना वॉर्डात ठेवू. तिथे नर्स असतात, नळी काढू देणार नाहीत."

"किती दिवस?"

"खरं सांगू? अशी माणसं तिथून लवकर घरी येत नाहीत."

आई गेल्यापासून या घरात दोघंच. बाबांना वॉर्डात ठेवायचं आणि आपण रिकाम्या घरात कुलूप उघडून शिरायचं? कुणाशी भांडायचं मग?

त्यानंतर एकदा कारखान्यात वीज गेली आणि ती दुपारीच घरी आली. दार नुसतं लोटलेलं. चपला काढून पॅसेजमध्ये आली आणि जागीच थबकली. बाबा खिडकीशी पलंगावर बसले होते, चष्मा लावून वर्तमानपत्र वाचत. आणि नाकाला नळी! अगदी नीट, कानांवरून घेतलेली, हनुवटीखाली सरकवलेली. श्वासही कसा संथ चालला होता.

ती बघतच राहिली. मग पाऊल न वाजवता दारापर्यंत मागे गेली आणि किल्ल्या मुद्दाम जोरात खुळखुळवल्या.

बाबांनी दाराकडे पाहिलं. झटकन नळी ओढून काढली, उशाखाली कोंबली, केसांवरून हात फिरवला आणि तयार! "या, या! आज लवकर?"

"बाबा!" तिचा आवाज घर डोक्यावर घेण्याइतका चढला. "दिवसभर लावता आणि मी आले की काढता? माझं तोंड बघून श्वास नकोसा होतो का तुम्हाला?"

आता बाबांची चोरी पकडली गेली. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तसं नाही गं."

"मग कसं?"

"त्यात वारा फार वाजतो. सारखं सूंऽऽ चालू असतं डोक्यात. दिवसभर वाजू दे, मला कोणाचं काय ऐकायचंय? पण संध्याकाळी तू येतेस." ते थांबले. दम लागला होता. "तू काय बोलतेस ते ऐकूच येत नाही त्यात. मग म्हटलं, तेवढा वेळ राहू दे ऑक्सिजन."

एरवी कोणाचंही ऐकून न घेणारी नळीवाली, पण तिथेच पलंगाच्या कडेवर बसली आणि रडली. मग नाक पुसून म्हणाली, "आधी सांगायचं नाही?"

"तू एवढी कौतुकाने केलीस. नावं कुठे ठेवायची?"

दुसऱ्या दिवशी ती तरातरा चाचणीच्या खोलीत गेली. तिथे टेबलावर रबराचं एक मुंडकं होतं. कितीही सरबराई करा, चेहरा फुगलेला तो फुगलेलाच, म्हणून सगळे त्याला जावईबापू म्हणत. प्रत्येक नळी आधी जावईबापूंच्या नाकात जायची आणि कोपऱ्यातला कॉम्प्रेसर तिच्यातून हवा सोडायचा. तो कॉम्प्रेसर असा धडधडायचा की माणसं खुणांनीच बोलायची.

"बंद करा तो," ती ओरडली. "हवेचा सिलेंडर लावा."

नळ्यांचे साचे करणाऱ्या काकांनी कुरकुरत सिलेंडर जोडला. खोली कधी नव्हे ती शांत झाली. आणि जावईबापूंच्या नाकातून बारीक शिट्टी यायला लागली. सुईऽऽऽ.

"अगं बाई!" काका कपाळाला हात लावून म्हणाले. "जावईबापू बोलायला लागले की!"

सगळे हसले, ती सोडून. मऊपणा मोजला, लांबी मोजली, वजन मोजलं, पण आपलीच नळी कशी वाजते ते इतकी वर्षं कोणी ऐकलंच नव्हतं. तिने नळी स्वतःच्या नाकाला लावली आणि काकांना बोलायला सांगितलं. काकांचे ओठ हलताना दिसले. शब्द निम्मेच पोचले. बाबांचे तर कान आधीच अर्धे.

घोळ होता तो तिच्या लाडक्या बारीक टोकांचा. एवढ्याशा भोकातून हवा घुसायची म्हणजे ती किंचाळणारच. तिने टोकांची तोंडं नरसाळ्यासारखी पसरट केली, आतलं वळण गुळगुळीत केलं. नळी दिसायला ढब्बी झाली. काका म्हणाले, "आधीची नाजूक होती हो." ती म्हणाली, "होती ना. गेली." पुन्हा जावईबापू, पुन्हा सिलेंडर. या खेपेला कान जवळ नेला तरच हलकी फुंकर कळायची. डॉक्टरीणबाईंनी नवा नमुना निरखून बघितला, हो म्हटलं, तेव्हाच तो घरी आला.

आठवडा सरला. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी बाबांच्या बोटाला चिमटा लावला, तेव्हा बाबा नळी लावून त्यांना बसमधली कसलीशी गंमत सांगत होते. नळीवाली भिंतीला टेकून उभी. आकडा वर चढला आणि तिथेच टिकला.

"वॉर्ड कॅन्सल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"डबल बेल!" बाबा म्हणाले.

त्या गेल्यावर बाबा डोळे मिटून पडले. ती स्वयंपाकघरात आली, नळ सोडला, बंद केला. सवयीने ओट्याशी पुटपुटली, "नसते राहिलात घरी, तर मी काय केलं असतं हो बाबा? मला कोण आहे दुसरं?"

"ऐकलं हं मी," बाहेरून आवाज आला.

ती दचकली. पदर नव्हता म्हणून ओढणीने डोळे टिपले आणि दारात येऊन खेकसली, "काय ऐकलंत?"

बाबांनी डोळे उघडले नाहीत. हात नाकाकडे गेला, पण नळी काढायला नाही. फक्त जरा सारखी करून त्यांनी तो छातीवर ठेवला.

"परत म्हण," ते म्हणाले. "मोठ्याने नको. तसंच, हळू."