कानापुढची बिजागरी

पांढरा नको, दुधाळ. दुधाळही नको, चहा पिणाऱ्याचा दुधाळ.

शेल्फवर बेचाळीस जबडे. चेहरा एकालाही नाही.

सफरचंद हल्ली किसून खावं लागतं.

स्वप्नात एक लांबच लांब दरी. तिच्या तळाशी कोमट पाणी.

"गिरणीत नोकरी धरलीस की काय गं?" हे नवऱ्याचं रोजचं. प्लास्टरची पूड तिच्या पापण्यांवरही बसते.

काडेपेटीत कापूस, कापसावर मेणाची दाढ.

हे सगळं एकाच बाईचं. ती खोटे दात घडवायची. दवाखान्याच्या मागच्या खोलीत, खिडकीकडे तोंड करून, गेली अठरा वर्षं. पुढच्या खोलीत मोठे डॉक्टर दात काढत, मागच्या खोलीत ती दात करत असे. सगळे तिला ताई म्हणत, वयाने मोठे असलेलेसुद्धा.

चार महिन्यांपासून तिची उजवीकडची खालची दाढ दुखत होती. सकाळी नसायचं. काम उरकून एप्रन काढला की ठणका सुरू, तिथून कानात, कानातून कपाळात. घरी कुणी काही विचारलं तर ती मानेनेच उत्तर द्यायची. शेवटी वैतागून तिने ठरवलं, काढूनच टाकायची.

पण दात करणाऱ्या बाईचं डोकं ते. दाढ जाण्याआधीच तिने बदली दाढ करायला घेतली. थोरली धडधाकट असताना सवत आणून बसवावी, तसं. स्वतःच्याच जबड्याचा ठसा घेतला, प्लास्टर ओतलं, मेण कोरायला बसली. चार वेळा कोरून मोडलं. दुपारचं ऊन टेबलावर सरकत यायचं, पूड हवेत तरंगायची, आणि कोरता कोरता ती लहान लहान होत जायची. मग दाढेचे उंचवटे टेकड्यांएवढे व्हायचे. मधल्या दरीतून ती अनवाणी चालायची. या दरीतून किती घास गेले, किती गिळलेले शब्द गेले, असं तिच्या मनात यायचं. शेल्फवरचे बेचाळीस जबडे तेव्हा एका लयीत श्वास घेतायत असं वाटायचं. हातातली दाढ हुबेहूब होती, तरी तिची नव्हती. दुसऱ्या कुणाची केलेली दाढ तिला कधी अशी परकी वाटली नव्हती.

गुरुवारी चार वाजता ती खुर्चीत बसली.

"या या," मोठे डॉक्टर म्हणाले. "अठरा वर्षांत पहिल्यांदा पुढच्या खोलीत बसलात. काय आणलंय ते?"

तिने काडेपेटी उघडून दाखवली.

"अरे वा! सवत माहेरून तयारीनिशी आलेली दिसते." त्यांनी इंजेक्शन भरलं.

तेवढ्यात त्यांची सून वही घेऊन आली. तीही दातांचीच डॉक्टर. तीन महिन्यांपासून तिचा एक नेम होता. खुर्चीत कुणीही बसो, कशासाठीही बसो, आधी त्याच्या दोन्ही कानांपुढे बोटं ठेवून तोंड उघडायला-मिटायला लावायचं आणि वहीत लिहायचं.

"बाबा, थांबा जरा."

"अगं, ताई घरच्याच आहेत."

"मग घरच्यांना जबडा नसतो का?"

"हिला बिजागऱ्यांच्या दुकानात द्यायची होती," मोठे डॉक्टर ताईला म्हणाले. "चुकून आमच्याकडे आली."

"एकशे एकोणीस जण झाले, बाबा. एकतीस जणांचा कानापुढचा जबड्याचा सांधा दुखतो. जवळजवळ दर चौथा माणूस. आणि आले होते सगळे दातासाठी."

सुनेची बोटं गार होती. उजव्या कानापुढे दाबलं आणि ताईची कळ थेट दाढेत उतरली. तोंड उघडलं तर दोन बोटं मावली, तिसरं मावेना. मग सुनेने आरशाच्या दांड्याने दाढेवर टकटक केलं. काही नाही. गार कापूस लावला. गार लागला, इतकंच.

"दाढ ठणठणीत आहे, ताई."

"मग मी काय नाटक करतेय?"

"छे हो. दुखतंय ते खरंच आहे, फक्त पत्ता चुकलाय. काम कसं करता ते दाखवा बघू."

"इथे? रिकाम्या हातांनी?"

"हो. मी बोटं इथेच ठेवते."

ताईने डोळे मिटले. डाव्या हातात नसलेली दाढ धरली, उजव्या हाताने नसलेलं मेण खरवडलं. मग मागच्या खोलीतल्या टेबलावरचा पितळी जबडा मनातच तिच्यापुढे आला. त्यात वरचे-खालचे प्लास्टरचे दात बसवायचे, जबडा मिटायचा, दात एकमेकांवर नीट बसतात का पाहायचं. तिने तो मिटला.

सुनेच्या बोटांखाली कट्ट झालं. गालाचा स्नायू दगड झाला.

"ताई," ती हळूच म्हणाली, "मिटायचा होता पितळी जबडा. तुम्ही स्वतःचा का मिटलात?"

ताईने डोळे उघडले. दिवसाला साठ-सत्तर वेळा तरी ती तो जबडा मिटत असे. म्हणजे अठरा वर्षं प्रत्येक परक्या माणसाचा घास तिने आधी स्वतः चावून पाहिला होता, रिकाम्या तोंडाने, सगळा जोर लावून.

"म्हणजे काढायची नाही?" मोठ्या डॉक्टरांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. आवाज जरा हिरमुसला होता. "आणि या सवतीचं काय?"

"परत पाठवते तिला," ताई म्हणाली.

सून समजावत राहिली. ओठ मिटलेले, दात सुटे. संध्याकाळी गरम शेक. झोपताना दातांवर घालायला एक पट्टी.

"पट्टी कोण करणार?"

"तुमच्याशिवाय आहे कोण इथे?"

सगळे हसले. ताई दोन बोटांइतकी हसली.

मागच्या खोलीत येऊन तिने जिभेचं टोक दातांच्या मध्ये ठेवलं आणि पितळी जबडा मिटला. तो एकटाच मिटला. तिचे दात उघडेच राहिले, आणि मधल्या त्या फटीतून गार हवा आत गेली. कानापुढे अजून ठणकत होतं. तिने आपल्याच जबड्याचं प्लास्टर पुढे ओढलं आणि पट्टीसाठी मेण तापवायला ठेवलं.

वहीतल्या त्या एकतीस जणांपैकी सात जणांनी दुखतं म्हणून आधीच एकेक दाढ काढून घेतली होती, आणि त्या सातही जागी बसवलेले दात ताईनेच घडवलेले होते.