काळ्या काहिलीतला झेंडा

मित्रांनो, मी एक जुना झेंडा आहे. हसलात ना? चुलीवरचं ऊन भांडं उतरवायचं हे काळंकुट्ट फडकं, आणि म्हणे झेंडा! आजवर माझ्यावर कुणी विश्वास ठेवलेला नाही, तुम्हीही ठेवणार नाही. तरी ऐका.

माझा जन्म सोलापुरातला, १९३० सालचा. माझा धनी ईरप्पा रंगारी मागवाल्यांचं सूत रंगवायचा. आज त्याच्या काहिलीत कोणता रंग उकळतोय, हे पेठेला त्याच्या नखांवरून कळायचं. त्या आठवड्यात त्याची उजवी नखं तांबडी होती आणि डावी हिरवी. तेव्हाचा झेंडा आजच्यासारखा नव्हता बरं का! वर पांढरा पट्टा, मधे हिरवा, खाली तांबडा, आणि तिन्ही पट्ट्यांवर पसरलेला एकच मोठा चरखा. सगळ्या धर्मांनी एका कापडात नांदावं, म्हणून हे रंग. केशरी पुढच्या साली आला आणि थेट वर जाऊन बसला. पांढरा मधे सरकला, हिरवा खाली गेला, चरखा पांढऱ्यात मावेल एवढा झाला. तो थाट माझ्या धाकट्या भावंडांचा.

ईरप्पानं माझे पट्टे रंगवले, त्याच्या बायकोनं, गौरम्मानं ते जोडले. नव्या पेठेतून मिरवणूक निघाली तेव्हा मी असा फडकलो, की तिकडे कित्येक कोसांवरच्या मोडनिंबात लोकांची पागोटी उडाली. बरं, एकच पागोटं म्हणा.

मग मे महिना आला. शहरात गोळ्या झडल्या आणि लष्करी कायदा बसला. गांधी टोपी दिसली तरी माणूस धरून नेत. पेठेतली दारं भरदुपारी बंद होऊ लागली. नेलेल्यांच्या घरी चूल पेटेना, आणि शेजारी विचारायला जाईनात.

ईरप्पानं मला भट्टीमागच्या खुंटीवर, सुताच्या लडींखाली दडवलं.

"जाळून टाका की त्यो, पाया पडते," गौरम्मा म्हणाली.

"खबरदार हात लावशील तर! मला नेऊ देत. झेंडा द्यायचा न्हाय."

"आन् माझ्या पोटात लेकरू हाय, त्याचं काय?"

ईरप्पा भट्टीत लाकूड सारत राहिला.

चौथ्या दिवशी सकाळी बोळात बुटांचे आवाज आले. एकेका दारापाशी थांबत ते जवळ येत होते. आमच्या दारापाशी आले आणि पुढे गेलेच नाहीत.

"हात दाखव," हवालदार म्हणाला. त्यानं ईरप्पाची बोटं उलटी केली; काळ्या नखांच्या कडांना जुना रंग अजून होता. "तांबडं आन् हिरवं. मग पांढरं कुटं लपवलंस रे?"

ईरप्पाला त्यांनी अंगणात उभं केलं. आत गौरम्मा एकटी, खुंटीवर मी, आणि भट्टीवर उकळती काळी काहील.

शिपायांनी लडी उपसल्या, रांजण पालथे केले. शेवटी एकानं काहिलीत काठी घातली आणि काठीवर मला उचललं.

"हे काय?"

"काळं फडकं हाय की. त्येबी नेताय?" गौरम्माचा आवाज मुळीच हलला नाही.

शिपायानं मला परत आत टाकलं. बूट निघून गेले. ईरप्पा आत आला. त्यानं रिकामी खुंटी पाहिली, मग काहील पाहिली.

"कसं झालं?"

"लडी काढताना घसरला," ती म्हणाली.

त्यानं मला निथळून वाळत घातलं. आठ वर्षं झाली, पुन्हा विचारलं नाही. ते पोटातलं लेकरू म्हणजे ही आपली शिवम्मा, इथे आईच्या चुलीपुढे तुम्हा पोरांत बसून ऐकतेय.

पण घसरलो? मी? मित्रांनो, धनी वाचावा म्हणून त्या खुंटीवरून मी स्वतः उडी मारली! तीन रंग आणि अख्खा चरखा एका घटकेत काळा करून घेतला. म्हणून म्हणतो, मला चुलीशी लोळवू नका. घडी घालून, जपून...

"खोटं हाय त्ये!"

भाकरी थापणारे गौरम्माचे हात थांबले होते. दारात ईरप्पा येऊन उभा होता, आणि ती त्याच्याकडेच बघत होती.

"उडी न्हाय मारली त्यानं. घसरला बी न्हाय. मी बुडवला. रंग पुरा चढंस्तवर काठीनं दाबून धरला."