करड्या केसांना गुलाबी झाक

चंद्रकला ढोके यांनी केस कधी रंगवले नाहीत. चाळिशीतच ते पिकले, तेव्हा कोणी मेंदी सुचवली, कोणी कलप. "पिकले तं पिकले," म्हणत त्या पाठीवर जाड करडी वेणी सोडून स्कुटीवर बसायच्या आणि सौंसरहून रामाकोन्याच्या अंगणवाड्या पाहायला निघायच्या. त्या पर्यवेक्षक होत्या. उन्हात फिरणं हीच नोकरी.

गेल्या पावसाळ्यात त्यांना डेंग्यू झाला. ताप उतरला, पण पुढचे कित्येक दिवस फणीत केसांचे पुंजके येत राहिले. उरली ती बोटाएवढी शेपटी. त्यातच गालांवर वांग उठले. डॉक्टरांनी बजावलं, सनस्क्रीन लावल्याशिवाय उन्हात पाय ठेवायचा नाही.

सनस्क्रीन त्यांनी मुकाट्याने लावलं. शेपटी मात्र त्यांना मान्य नव्हती. पांढुर्ण्याला रूपालीचं ब्यूटी पार्लर होतं. तिथे जाऊन त्यांनी सरळ विचारलं, "खऱ्या केसाचे जोड भेटतात म्हनते. पन मले काळे नको. माह्या केसासारखे पाहिजे, करडे."

रूपालीला आधी वाटलं, काकू गंमत करून राहिल्या. नवऱ्या मुली यायच्या, त्यांना काळे नाहीतर सोनेरी केस हवे असायचे. करडे मागणारी ही पहिलीच. तिने ते बाहेरून मागवले. माणसाच्याच केसांचे, क्लिपने अडकवायचे. आरशात चंद्रकलाबाईंना आपली वेणी परत दिसली. त्यांनी ती पुढे घेतली, मागे टाकली, पुन्हा पुढे घेतली.

घरी त्यांचे यजमान भाऊराव दारातच थबकले. "अवो, हे तं जुनी चंद्रकला आली!"

थंडी सरली, ऊन चढायला लागलं आणि एका संध्याकाळी भाऊरावांनीच विचारलं, "केसाले गुलाल लागला का व कुठं?"

बाईंनी आरसा गाठला. कानांजवळच्या आणि मानेवरच्या बटांना गुलाबी झाक आली होती. धुऊन पाहिलं, तर रंग आणखी खुलला.

"काहाडून ठेव," भाऊराव म्हणाले. "लेझीमच्या वक्ती रुमाल बांध डोक्याले."

बाबासाहेबांची जयंती जवळ आली होती. वस्तीच्या महिला लेझीम पथकाच्या पुढे शिट्टी घेऊन चंद्रकलाबाईच असायच्या. पांढरी साडी, निळा काठ आणि भर उन्हातली मिरवणूक.

"रुमाल नाई बांधत," त्या म्हणाल्या. "केस बी राहतीन अन् सनस्क्रीन बी राहीन. कायनं होऊन राहिलं ते पाहते मी."

दुसऱ्या दिवशी त्या बसने पांढुर्ण्याला गेल्या. रूपालीने बट उजेडात धरली आणि ओळखल्यासारखी मान हलवली. "काकू, बोअरचं पानी. तुमच्या इकडचं पानी जड हाय. लोखंड असते त्याच्यात."

"पानी तं साऱ्या वेणीले लागते. मंग शेंडा गुलाबी कायले नाई झाला? कानापाशी अन् मानेपाशीच झाला. तिथं मी काय लावते?"

रूपालीने बट पुन्हा निरखली. मग हळूच म्हणाली, "सनस्क्रीन."

"पन निरं सनस्क्रीन का तुयं पानी, हे कोन सांगीन? करून पाहू."

जोड बसवताना कापलेले तुकडे रूपालीने एका पिशवीत ठेवले होते. तिने त्यांचे झुपके बांधले. चंद्रकलाबाईंनी वाटेत प्यायला म्हणून घरचं बोअरचं पाणी बाटलीत भरून आणलंच होतं. एक झुपका नुसत्या त्या पाण्यात भिजवला. एकाला नुसतं सनस्क्रीन चोळलं. तिसऱ्याला सनस्क्रीन चोळून वर ते पाणी घातलं. तिन्ही पार्लरच्या गच्चीवरच्या दोरीला अडकवले आणि दोघी खाली चहा प्यायला बसल्या.

उन्हं उतरताना वर जाऊन पाहिलं. पहिला झुपका करडाच होता. दुसरा जरा पिवळट. तिसरा गुलाबी.

"म्हंजे दोघी बी बरोबर," रूपाली हसून म्हणाली.

"हाव. पानी मी बदलू शकत नाई. सनस्क्रीन बदलू शकते."

रूपालीने मोबाईलवर शोधलं. केस विकणाऱ्यांनीच लिहून ठेवलं होतं. अव्होबेन्झोन नावाचं द्रव्य ज्या सनस्क्रीनमध्ये असतं, ते फिक्या केसांवर असा रंग सोडतं. झिंक ऑक्साइडचं असलं तर तसा त्रास नाही. चंद्रकलाबाईंनी पर्समधली आपली ट्यूब काढली, चष्मा नाकावर घेतला आणि मागची बारीक अक्षरं वाचली. अव्होबेन्झोन होतं.

"चाल मेडिकलमंधी."

दुकानदाराने ट्यूबा काढून समोर मांडल्या. बाई एकेक पालटून मागचं वाचत होत्या. मागे उभी असलेली गिऱ्हाइकं कुरकुरली, तरी त्यांनी मान वर केली नाही. झिंकवाली निवडून त्यांनी तिथेच हातावर लावली. सावळ्या कातडीवर चुन्याचा पट्टा उमटला.

"हे लावून गेली तं लेकरं भेतीन मले," त्या म्हणाल्या. "याच्यात मातकट रंगाचं नाई का?"

नव्हतं. दुकानदाराने नागपूरहून मागवून द्यायचं कबूल केलं. बाईंनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. झिंकचं चालेल, पण हात आखडता घेऊ नका आणि घाम आला की पुन्हा लावा, असं ते म्हणाले.

मातकट ट्यूब आली तेव्हा तीही आधी एका झुपक्याला चोळली, वर बोअरचं पाणी घातलं आणि तो गच्चीवरच्या दोरीला अडकवला. झुपका करडाच राहिला. मग चेहऱ्यावर लावली, तर वांगही जरा झाकले गेले. रूपालीने पद्धत घालून दिली. आधी सनस्क्रीन, ते पूर्ण सुकू द्यायचं, मग क्लिपा. वेणी मानेवर लोळू न देता वर अंबाडा. गुलाबी झालेल्या बटा तिने लोखंड काढणाऱ्या शाम्पूने पुन्हा पुन्हा धुतल्या. बराच रंग गेला. कानामागची एक बट काही उतरेना.

"कापू का काकू?"

"राहू दे. पैसे देऊन लोक असे रंग लावतात."

जयंतीच्या दिवशी दुपारचं ऊन रस्त्यावर पसरलं होतं. बाजारपेठेच्या वळणावर मिरवणूक थांबली, तसा चंद्रकलाबाईंनी चेहरा टिपला, कंबरेच्या बटव्यातून ट्यूब काढली आणि सगळ्यांसमोर गालांना, मानेला पुन्हा सनस्क्रीन लावलं. अंबाडा तसाच घट्ट होता. शेजारची विजयमाला निरखून पाहत होती. तिचेही केस हल्ली विरळ झाले होते.

"बाई, हे करडे केस खरे हायेत का लावलेले?"

"लावलेले हायेत. अन् खरेच हायेत," बाई म्हणाल्या. "तुले पाहिजे तं उद्या चाल माह्यासंगं पांढुर्ण्याले."

विजयमाला हो म्हणेपर्यंत ढोल वाजायला लागला. बाईंनी शिट्टी ओठांत धरली, लेझीम उचललं आणि पहिलं पाऊल टाकलं.