कुठले साहनी

"अवो साहनी, येवढ्या मोठ्या घरातले तुमी, आन् आमच्यासंगं बाटल्या धुताय व्हय?"

सोपानरावांनी हे भर शिफ्टमध्ये विचारलं, आणि हरबंसलालच्या हातातली बाटली निसटता निसटता राहिली. औषधांच्या त्या कारखान्यात नवे साहेब आले होते. साहनी आडनावाचे एक थोर शास्त्रज्ञ होऊन गेले, दगडात उमटलेल्या झाडापानांचा अभ्यास करणारे. दुसऱ्या एका साहनींनी हडप्प्याचं जुनं शहर खणलं, असं हरबंसलालचं आडनाव ऐकून साहेब सकाळी सहज म्हणाले. सोपानरावांनी तेवढ्यावरून नातं जोडून टाकलं.

"ते माझे कुणी नाहीत. आडनाव एक, बस."

"मोठी मान्सं असंच म्हनत्यात," सोपानराव हसले. पिंपरीतले जुने शेतकरी, मनाने उमदे. पण तोंडात तीळ भिजत नसे. बघता बघता बातमी हरबंसलाल राहायचा त्या निर्वासितांच्या छावणीत पोचली आणि तिथून खडकीच्या कपूरांकडे. हरबंसलालच्या मुलीच्या, कांताच्या लग्नाचं बोलणं तिथेच चाललं होतं. इतके दिवस घुटमळणाऱ्या कपूरांनी रविवारी येतो असा निरोप धाडला.

हरबंसलालला चैन पडेना. उठे, बाहेर जाई, परत येई, खाटेची सुंभं आवळी आणि पुन्हा सैल करी.

"खोटं बोलू नका," बायको सत्यवती म्हणाली. "नुसतं गप्प बसा. पोरीचं भलं होतंय."

रविवारी कपूरांनी बर्फीचा तुकडा तोंडात टाकला. "विद्वानांचं खानदान, भाईसाहेब! काही सांगा की त्यांच्याबद्दल."

हरबंसलालने चहाचा घोट घेतला. मग आणखी एक. डोळ्यांपुढे वडील आले. खांद्यावर कापडाचं गाठोडं घेऊन उन्हातान्हात गावोगाव आरोळी देणारे. फाळणीच्या धामधुमीत ते तिकडेच गेले. अग्नीही धड मिळाला नाही. आता त्यांना आपणही टाकायचं?

"ते साहनी आमचे कुणी नव्हेत," तो एकदम म्हणाला. "माझे वडील फेरीवाले. गुरांदित्तामल साहनी. त्यांच्याबद्दल विचारा, हवं तेवढं सांगतो."

कपूरांनी कप खाली ठेवला. "कळवतो," म्हणाले. कळवलं नाही.

सत्यवतीने त्याच्याशी बोलणं टाकलं. सोपानराव तोंड चुकवत राहिले, आणि एका संध्याकाळी न राहवून दारात येऊन उभे राहिले.

"माज्यामुळं झालं समदं. लेबलं लावायला बाया घेत्यात कंपनीत. पोरीसाठी शब्द टाकू का?"

"नको," हरबंसलाल म्हणाला.

"टाका, काका," आतून कांता म्हणाली.

पुढच्या सोमवारी बापलेक बरोबरच निघाले. फाटकावर टाइमकीपरने मान वर न करता नाव विचारलं. इकडच्या रीतीप्रमाणे वडिलांचं नाव मध्ये घालून कांता म्हणाली, "कांता हरबंसलाल साहनी."

भोंगा वाजत होता. टाइमकीपरला ऐकू आलं नाही. तिने पुन्हा सांगितलं, सावकाश, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं.

मागे उभ्या असलेल्या हरबंसलालने सदऱ्याचं वरचं बटण लावलं.