एक माणूस कमी हाय

"सारजे, मेंढरं मोजायची न्हाईत. मोजली की नजर लागती. तोंडं बघ, चाल बघ. कोण मागं ऱ्हायलं ते तुला आपसूक कळंल."

हा सारजाच्या बापाचा, कुंडलिकतात्यांचा आवाज. चव्वेचाळीस वर्षं झाली त्याला. नीरा नदीच्या उताराशी गुडघाभर पाण्यात उभं राहून तात्या बोलत होते आणि नऊ वर्षांची सारजा काठावरच्या दगडावर बसून पलीकडं जाणारी मेंढरं न्याहाळत होती. तात्यांना शंभराच्या पुढचे आकडे येत नव्हते, हे खरं. पण त्यांच्या दीडशे मेंढरांतलं एकही कधी मागं राहिलं नाही, हेही तितकंच खरं.

तात्या गेले, मेंढरं गेली. निरवांगी गावात दिलेल्या सारजाच्या घरापुढं आता चार शेळ्या तेवढ्या उरल्या होत्या आणि मागं दीड एकर डाळिंब. आणि ती सारजा, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, पृथ्वीच्या पार वरच्या टोकाला, स्वालबार्ड नावाच्या बेटांपाशी एका जहाजाच्या कठड्याला धरून उभी होती.

तिला तिथं आणलं होतं तिच्या लेकीनं, स्वप्नालीनं. स्वप्नाली या जहाजावर वाटाडी होती. नव्वद पाहुण्यांना घेऊन बर्फाच्या डोंगरांमधून फिरायचं, पक्षी दाखवायचे, जनावरं दाखवायची, बर्फ कसा चालतो ते सांगायचं, हे तिचं काम. कामावरच्या माणसाला हंगामात एकदा घरचं एक माणूस आणायची मुभा होती. तिनं आधी बापाला, म्हणजे तिच्या दादांना, विचारलं. बिरू फोनवर म्हणाला, "आन डाळिंबाला पाणी कोण, तुझं आस्वल दील व्हय? आईला ने. तिनं बारामतीच्या पुढं काय बघितलंय?"

तर आता ती बघत होती. दोन्ही बाजूंना काळेभोर डोंगर आणि त्यांच्या मधून आत घुसलेली समुद्राची चिंचोळी जीभ. स्वप्नाली त्याला फियॉर्ड म्हणायची, सारजा खिंड म्हणायची. खिंडीच्या टोकाला बर्फाचा डोंगर पाण्यात उतरलेला. वरून पांढरा, भेगांमधून निळा. असला निळा की बघणाऱ्याला वाटावं, आत कुणीतरी दिवा लावून ठेवलाय. सूर्य मावळतच नव्हता. जेवण झालं तरी ऊन, झोपून उठलं तरी ऊन. सारजानं पहिल्या दिवशी त्या डोंगराला हात जोडले. लेक जवळ नाही असं पाहून हळूच म्हटलंही,

पांढऱ्या गं डोंगराचं, निळं निळं किती पोट
खारट्या गं पाण्याला, त्यानं लावलं गं ओठ

दुसऱ्या दिवशी रबरी होडीतून फिरताना स्वप्नालीनं पाण्यातून बर्फाचा एक तुकडा उचलला, काचेसारखा आरपार, आणि आईच्या कानाशी धरला. तव्यावर लाह्या फुटाव्यात तसा आतून आवाज येत होता, तडतड, तडतड.

"हजारो वर्षांपूर्वीची हवा आहे यात कोंडलेली. बर्फ वितळला की बाहेर पडते."

सारजानं कान हलवला नाही. "बिचारी," ती म्हणाली. "किती दिस गप बसली."

किनाऱ्यावर रेनडिअर दिसला तेव्हा मात्र तिनं घोळ घातला. सगळे श्वास रोखून उभे असताना तिनं जिभेनं टॉक टॉक केलं, शेरडाला करतात तसं. रेनडिअरनं मान वळवली आणि चार पावलं तिच्याकडं चालून आला. पाहुणे खूश. स्वप्नाली कपाळाला हात लावून म्हणाली, "आई, इथल्या जनावरांना हाका मारायच्या नसतात. नियम आहे."

"मी कुठं हाक मारली? रामराम केला नुसता."

सारजाला सगळ्याचंच अप्रूप होतं. खोलीतल्या ऊबदार रजईचं, सकाळच्या गरम दुधाचं, पायातल्या त्या मोठाल्या रबरी बुटांचं. आणि सगळ्यात जास्त लेकीचं. तिच्या एका शब्दावर नव्वद गोरी माणसं थांबत, चालत, गप्प होत. सारजा ते बघायची आणि तिला वाटायचं, जन्माला येऊन एवढं बघायला मिळालं, आता देवाकडं काय मागायचं? हे तिनं लेकीला एकदा सांगितलंही.

तिसऱ्या दिवशी दुपारचं जेवताना. सारजा म्हणाली, "सपे, लई केलंस बघ माझ्यासाठी."

स्वप्नाली हसली. मग काटा ताटात फिरवत, सहज बोलल्यासारखं म्हणाली, "म्हटलं, माझं काहीतरी बघ एकदा. शाळेच्या हॉस्टेलवर तर चार वर्षांत एकदा आली नाहीस."

सारजाचा घास हातातच राहिला.

"दादाच यायचे, दिवाळीला न्यायला. माझ्या खोलीतल्या सृष्टीची आई दर रविवारी डबा घेऊन यायची. शेंगदाण्याची चटणी, धपाटी. मी त्यातलंच खायची." मग तिनंच आईच्या पाठीवर थोपटलं. "जाऊ दे. जुनं झालं. तुला शेरडं-मेंढरं होती, माहितीय मला. तू खा."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं सारजाला वाटलं. रागाला उत्तर देता येतं. ही जखम भरलेली दिसत होती, वरून. आणि लेकीनं तिच्यावर जहाज, समुद्र, बर्फाचे डोंगर असं सगळं पांघरूण घातलं होतं. सारजाकडं त्याला उत्तर होतं. वीस वर्षं होतं. पहिली काही वर्षं ते सांगणं बरं नव्हतं, नंतरची काही वर्षं ते सांगायला जमलं नाही, आणि आता ते सांगितलं तर खोटं वाटेल असं तिला वाटायचं. ती भाताशी खेळत राहिली.

त्याच दुपारी जहाज एका खिंडीत थांबलं. सकाळी पलीकडच्या किनाऱ्यावर अस्वल दिसलं होतं. लांब, दुर्बिणीतून, मळकट पिवळं, न धुतलेल्या लोकरीच्या रंगाचं. म्हणून उतरण्याआधी स्वप्नालीनं सगळ्यांना पुन्हा बजावलं: कुणी एकटं फिरायचं नाही, बंदूकवाल्या वाटाड्यांच्या मध्येच राहायचं. जहाजाच्या दारापाशी एक फळा होता. त्यावर प्रत्येकाच्या नंबरची चकती. उतरताना लाल बाजू करायची, परत आलं की पांढरी. सगळ्या चकत्या पांढऱ्या झाल्या की मगच जहाज हलायचं.

किनाऱ्यावर तासभर फिरणं झालं. दगडांच्या फटींतून बोटभर उंचीची पिवळी फुलं आलेली होती. मग खिंडीच्या तोंडाकडून धुकं सरकायला लागलं आणि स्वप्नालीनं परतायला सांगितलं. होड्या दहा-दहा माणसांना नेऊ लागल्या.

सारजा उतारापाशी एका दगडावर बसली होती. लेक शेवटच्या होडीनं येणार, म्हणून तीही. समोरून माणसं जात होती. सगळ्यांना जहाजानं दिलेली सारखी तांबडी जाकिटं, सारख्या टोप्या, डोळ्यांवर काळे चष्मे, नाकापर्यंत ओढलेले रुमाल. सारजाला त्यांची नावं उच्चारता येत नव्हती, पण तीन दिवसांत तिनं आपली नावं ठेवली होती. डुलती बाई. ताठ मानेचा. टाचा घासणाऱ्या दोघी बहिणी. ती बसून बघत होती, काही ठरवून नव्हे. नदीच्या उतारापाशी बसलेल्या माणसाचे डोळे जे करतात ते डोळे करत होते.

शेवटची होडी उरली. स्वप्नालीनं वायरलेसवर विचारलं, उत्तर आलं. ती म्हणाली, "चल आई. वर आपल्या पाच सोडून सगळ्या चकत्या पांढऱ्या झाल्या. आपण पाचजण तेवढे राहिलो."

सारजा उठली नाही. "एक माणूस कमी हाय."

"कोण?"

"मागं हात बांधून चालणारं आजोबा. डावा पाय फेकत्यात ते."

स्वप्नालीला क्षणभर कळेना. मग कळलं. हॉलंडचे निवृत्त शिक्षक, ऐंशीला टेकलेले. "त्यांची बायको पहिल्या होडीत गेली, आई. तेही गेले असतील. चकती पांढरी आहे."

"चकती गेली आसंल. आजोबा माझ्याम्होरनं गेलं न्हाईत."

"आई, नव्वद माणसं आहेत."

"म्हणून काय झालं?"

धुकं पहिल्या खडकापर्यंत आलं होतं. बंदूकवाला मुलगा घड्याळ बघत होता. स्वप्नालीनं आईकडं बघितलं, मग वायरलेस तोंडाशी नेला आणि आजोबांच्या खोलीत बघायला सांगितलं. दोन मिनिटं गेली. पाच गेली. मग वायरलेसवर कुणीतरी भराभरा बोलू लागलं आणि लेकीचा चेहरा उतरलेला सारजानं पाहिला. खोलीत आजीच होत्या. चाळीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी आपल्याबरोबर नवऱ्याचीही चकती फिरवली होती. त्यांना वाटलं, ते मागच्या होडीनं येतायत.

आजोबा सापडायला फार वेळ लागला नाही. दोनशे पावलांवर एका मोठ्या धोंड्यामागं ते पिवळ्या फुलांपाशी बसले होते, आणि बसल्या बसल्या डोळा लागला होता. हात गार पडलेले, ओठ निळसर. पण उठवल्यावर पहिल्यांदा त्यांनी माफी मागितली. स्वप्नालीनं त्यांना एका बाजूनं धरलं, सारजानं दुसऱ्या बाजूनं. डावा पाय फेकत फेकत ते होडीत चढले.

जहाजावर आजींनी सारजाचे दोन्ही हात धरले आणि सोडेचनात. त्या काय काय बोलत होत्या, रडत होत्या. सारजाला त्यातलं थँक्यू तेवढं कळलं. तिच्या घरी कुणी कुणाला असं म्हणत नाही. पाणी दिलं तर माणूस पितो, जेवायला वाढलं तर जेवतो, फार झालं तर "बरं झालं" म्हणतो. तिनं आजींच्या गालावरून हात फिरवून आपल्या कपाळाशी बोटं मोडली. आजींना तेही कळलं असावं.

मग मायलेकी दोघीच जहाजाच्या मागच्या बाजूला येऊन बसल्या.  सारजानं लेकीचे हात आपल्या मांडीवर घेतले.

"आई, तू नसतीस तर आज जहाज निघालं असतं," स्वप्नाली म्हणाली.  "पण कळलं कसं तुला? सारखी जाकिटं, सारख्या टोप्या. रोज त्यांच्यात वावरून मला ओळखू येत नाहीत."

तात्यांचं नाव सारजाच्या ओठांवर आलं होतं. ते सांगितलं असतं तर खोटं झालं नसतं, आणि लेकीचं समाधानही झालं असतं. पण ते अर्धंच झालं असतं. तिनं लेकीचे हात घट्ट धरले, ती उठून जाईल की काय असं वाटून.

"सवय हाय मला. एकसारख्या कापडातलं एक माणूस हुडकायची."

"कसली सवय?"

"निळा ड्रेस, पांढरी वढणी. चारशे पोरी." सारजा पाण्याकडं बघून बोलत होती. "तुमची शाळा पाचला सुटायची. हॉस्टेल रस्त्याच्या पल्याड, तवा तुमी सगळ्या रांगेनं फाटकातनं निघायच्या. समोर रसाचं दुकान व्हतं. त्याच्या ताडपत्रीमागं मी उभी ऱ्हायची. दर गुरवारी. तुझ्या दादांना वाटायचं, बाजाराला गेली."

स्वप्नालीनं हात सोडवून घेतले नाहीत. "किती दिवस?"

"चारी वर्षं. पावसात चार-दोन गुरवार चुकलं आसतील."

"मग हाक का नाही मारलीस?"

"पयल्या महिन्यात दोन पोरी आयांच्या मागं पळून गेल्या. तुझ्या हॉस्टेलच्या बाईंनी मला सांगितलं, जिची आई येती ती पोरगी टिकत न्हाय. सृष्टी बी गेलीच की दुसऱ्या वर्षी. आन खरं सांगू का, माझाच भरवसा नव्हता मला. तू नुसतं आई म्हणली आसतीस तर तुला घिऊनच गेले आसते." तिनं पदरानं नाक पुसलं. "मग सांगायचं ऱ्हाऊनच गेलं. वाटायचं, आता सांगितलं तर पोरगी म्हणंल, उपकार दावती."

 स्वप्नालीनं डोकं आईच्या खांद्यावर टेकलं, जाकिटासकट, टोपीसकट.  सारजाची एक गोष्ट अजून उरली होती, आणि ती सांगण्याची नव्हती, विचारण्याची होती.

"नववीत व्हतीस तवा एक गुरवार तू दिसलीच न्हाईस. सगळ्या पोरी गेल्या, फाटक लागलं. आठ दिस माझ्या तोंडात घास गेला न्हाय, आन घरात कुणाला सांगता बी यीना. पुढच्या गुरवारी दिसलीस. उजवा हात गळ्यात बांधलेला, दप्तर डाव्या हातात. मी यष्टीत बसले ती भवानीनगर यिस्तवर रडत ऱ्हायले." तिनं लेकीच्या उजव्या मनगटावरून अंगठा फिरवला. "काय झालं व्हतं गं हाताला?"