एवढ्यात सापडला?

पैज लागली ती लिफ्टची वाट बघताना. नुसतं उभं राहिलं की माणसाच्या जिभेला खाज सुटतेच.

गच्चीवरच्या सकाळच्या व्यायामाचा, सगळ्या बिल्डिंगच्या मालकीचा ब्लूटूथ स्पीकर तीन दिवस गायब होता. सेक्रेटरीबाईंनी दोनदा नोटीस लावली होती. दुसऱ्या नोटिशीत 'कृपया' गाळलं होतं.

"स्पीकर काय, तासाभरात हुडकून देतो," अँटेना म्हणाला. चौथ्या मजल्यावरच्या या इसमाला हे नाव बिल्डिंगनेच ठेवलं होतं. एक तर घराघरातली बातमी आधी याच्या कानावर यायची आणि दुसरं म्हणजे याचं पोटच बिनतारी यंत्रांवर चालायचं. दुकानातला बिलाचा प्रिंटर आसपास कुठे आहे ते शोधायचे प्रोग्राम हा वीस वर्षं लिहीत होता, तेही सी या जुन्या संगणकी भाषेत.

"आणि नाही सापडला तर?" तिसऱ्या मजल्यावरच्या दातवाल्या डॉक्टरांनी विचारलं. पेशंट आ वासून गप्प बसतात, त्यामुळे डॉक्टरांना दोघांचं बोलायची सवय.

"नाही सापडला तर उद्याच्या मीटिंगला, सगळ्यांदेखत, मजल्यामजल्यावर लिफ्ट थांबवून गाढवासारखा ओरडेन."

"सापडला तर मी ओरडतो. दे टाळी!"

तेवढ्यात लिफ्ट आली. आत स्टुलावर लिफ्टमामा. लिफ्ट चालवायचे, पाण्याचा पंप बघायचे आणि मामींसोबत तळमजल्यावर जिन्याखालच्या खोलीत राहायचे.

"लिफ्टमध्ये चार माणसं किंवा दोन गाढवं," मामा म्हणाले. "पाटीच लावून टाकतो."

सगळ्यात मोठ्याने अँटेनाच हसला.

काम खरंच पोरखेळ होतं. सी भाषेत ब्लूटूथची एक तयार लायब्ररी मिळते, म्हणजे दुसऱ्या कुणी तरी घाम गाळून लिहिलेली फंक्शनं आपण फुकटात वापरायची. आधी एक आरोळी ठोकायची, 'कोण कोण आहे रे आसपास?' दहा सेकंद थांबायचं. जी यंत्रं जागी असतात ती आपापला पत्ता सांगतात. मग एकेकाला गाठून विचारायचं, 'बाबा रे, तू कामं कोणती करतोस?' प्रिंटर सांगतो छपाई, स्पीकर सांगतो आवाज. यंत्रं या बाबतीत भोळी असतात. विचारलं की सांगतात.

हरवलेल्या स्पीकरचा पत्ता खोक्यावरच्या स्टिकरवर होता. तो अँटेनाने प्रोग्राममध्ये घातला. निघण्याआधी जेवणाच्या टेबलाशीच त्याने एक छोटी चाचणी चालवली. ती फक्त आकडा छापायची. दहा सेकंदांनी आकडा आला, पाच. म्हणजे लॅपटॉपचं ब्लूटूथ ठणठणीत. बाहेर डॉक्टर घंटी बडवत होते. लॅपटॉप उघडाच हातावर घेऊन अँटेना लिफ्टमध्ये शिरला. तळापासून सुरू करून वर चढत यायचं, असं ठरलं होतं.

तळमजल्यावर पहिलं दार मामांचं. आत मामींचं शिलाई मशीन खडखडत होतं. बाहेर डॉक्टर, सेक्रेटरीबाई आणि फुकटचा तमाशा बघायला जमलेली आठ-दहा माणसं. अँटेनाने झोकात बटण दाबलं आणि पडद्यावर लगेच अक्षरं उमटली.

'सापडला.'

"एवढ्यात?" डॉक्टर म्हणाले.

"माल अस्सल आहे," अँटेना म्हणाला.

मग प्रोग्रामने पुढचा प्रश्न विचारला, तू कामं कोणती करतोस? याला मात्र उत्तर येईना. पाच सेकंद गेले आणि 'संपर्क नाही' असं आलं. नेमकं तेव्हाच आतलं शिलाई मशीन थांबलं. बाहेर ही गर्दी कसली, ते बघायला मामी उठल्या होत्या.

आता इथे शहाणा माणूस गप्प बसला असता. पण टाळ्यांची चटक वाईट. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"बघा, बघा! आत्ता होता, आता गप्प झाला! आतून कुणी तरी बटण दाबलं!"

दार उघडलं. मामींच्या ओठात सुई होती आणि समोर दोन डझन डोळे.

"काय झालं?" त्यांनी सुई काढून विचारलं.

शेवटी सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "स्पीकर इथे दाखवतोय हो. जरा बघू द्याल का?"

मामा लिफ्टमधून बाहेर आले. त्यांना वाटलं, अँटेनाची रोजची थट्टा असेल. हसतच म्हणाले, "काय भाऊ, आज आमचा नंबर?" मग त्यांनी एकेक तोंड बघितलं आणि हसू तिथेच राहिलं.

खोली ती केवढी! पलंगाखाली बघितलं, डबे हलवले. स्पीकर नव्हता. राहिली एक पेटी. मामींनी ती स्वतःच ओढून सगळ्यांसमोर उपडी केली. कपडेच कपडे पडले. पहिल्या मजल्याचा कोट, डॉक्टरांची पँट, बिल्डिंगने मोठ्या मनाने दिलेलं सगळं, घडीसुद्धा न मोडलेलं. त्यात अँटेनाचा मरून स्वेटर. दोन वर्षांपूर्वी देताना तो चार लोकांत म्हणाला होता, "घाला मामा, साहेब दिसाल."

"मिळाला का?" मामींनी विचारलं.

"लपवायला काय वेळ लागतो," मागून कुणी तरी पुटपुटलं. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, उद्या मीटिंगमध्ये विषय घेऊ, मामांना ठेवायचं की नाही ते ठरवू. डॉक्टर म्हणाले, पैज बरोबरीत सुटली. अँटेनाने मान डोलावली. पेटीकडे मात्र त्याने परत बघितलं नाही.

दुपारी तो बेडरूममध्ये प्रोग्राम जरा नटवत बसला होता, ऑफिसात मिरवायला. सहज एकदा चालवला. या वेळी पूर्ण दहा सेकंद लागले. 'सापडला,' पडदा म्हणाला. मग पुढचं उत्तरही आलं, 'काम: आवाज.'

चौथ्या मजल्यावर! मधे चार स्लॅब. तिथून तळमजल्याची आरोळी ऐकू येणं शक्य नव्हतं.

दहा सेकंद. सकाळी मामांच्या दारात दहा सेकंद लागलेच नव्हते. त्याने कोडमधली ती ओळ काढली. आरोळी ठोकणाऱ्या फंक्शनला शेवटी एक खूण द्यावी लागते, 'जुनं विसर, नव्याने विचार.' त्याने तिथे घाईत शून्य ठेवलं होतं. शून्य ठेवलं आणि मागची आरोळी अर्ध्या मिनिटाच्या आतली असली, की कुणालाच न विचारता मागचीच यादी हातात पडते. ती यादी वर जेवणाच्या टेबलाशी झालेली होती, म्हणजे त्याच्याच घरातली. लिफ्टला खाली यायला वीस सेकंद लागले होते.

हाताखालच्या पोरांना या चुकीवरून तो 'झोपलास का रे' म्हणायचा.

घरात गाण्यांचा नाद एकालाच. तो तडक वडिलांच्या खोलीत गेला. नाना आडवे पडले होते आणि उशीखालून बारीक आवाजात गाणं येत होतं.

"नाना, हा कुठून आणलात?"

"गच्चीवर पडला होता बिचारा एकटा," नाना म्हणाले. "ओरडतोस काय? उशीखाली ठेवला की छान ऐकू येतं. का रे, कुणाचा आहे?"

अँटेनाने स्पीकर कापडी पिशवीत घातला. डोक्यात एकच विचार. गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे ठेवून द्यावा. उद्या कुणाला तरी सापडेल. लोक म्हणतील, घाबरून परत ठेवला असेल. कुणी ठेवला, हे कुणी विचारणार नाही, कारण ते सगळ्यांना आधीच माहीत होतं.

लिफ्ट आली. मामा स्टुलावर.

"गच्ची," अँटेना म्हणाला.

एरवी दोन मजल्यांत तीन विनोद सांगणारे मामा समोरच्या दाराकडे बघत राहिले. पिशवी टोकदार फुगली होती. त्यांनी ती बघितली आणि बटण दाबलं. स्टुलाशेजारी मरून स्वेटर होता, कागदात बांधलेला.

"हा तुमचा घेऊन जा," मामा म्हणाले. "हिने सांगितलंय."

गच्ची आली. दार उघडलं. अँटेनाच्या एका हातात पिशवी, दुसऱ्यात स्वेटर. तो आतच उभा राहिला. याहून मामांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं.

"मामा, दार लावा. खाली चला."

"काही विसरलात?"

"हो," तो म्हणाला आणि पिशवी उघडून दाखवली.

मामांनी आत बघितलं. मग म्हणाले, "मला कशाला दाखवता? मला ठाऊकच होतं की मी घेतला नाही."

रविवारी मीटिंगला झाडून सगळे हजर. विषय पुकारण्याआधीच अँटेनाने स्पीकर टेबलावर ठेवला. म्हणाला, "माझ्या घरात होता. प्रोग्रामही चुकला आणि बटण दाबल्याचं मी मनाने ठोकून दिलं. पैज मी हरलो." डॉक्टर पहिल्यांदाच आ वासून गप्प. सेक्रेटरीबाई वहीवर नसलेली धूळ झटकत राहिल्या.

"मामा, न्याल का मला?" मग लिफ्टशी जाऊन त्याने विचारलं.

मामांनी स्टूल सरकवून जागा केली. चौथ्यापासून सुरुवात. दार उघडलं की अँटेना आधी म्हणायचा, "मामा-मामींवर मी खोटा आळ घेतला. स्पीकर माझ्याच घरात होता." मग गाढवासारखा ओरडायचा. पैजेत फक्त ओरडणं होतं. पहिलं त्याने आपल्या पदरचं घातलं होतं आणि जड तेच जात होतं. चौथ्यावर नाना दारात उभे राहून म्हणाले, "आवाज बसलाय रे तुझा." तिसऱ्यावर टाळ्या पडल्या. दुसऱ्यावर हशा. पहिल्यावर जिन्याने धावत आलेली माणसं पोट धरून बसली. त्याचे कान तापून लाल झाले होते.

तळमजला. समोर मामींचं दार अर्धं उघडं, आत मशीन चालू. अँटेनाने तेच वाक्य म्हटलं. घसा धरला होता, निम्मं वाक्य घशातच राहिलं. मग तो ओरडला, जीव तोडून, आणि सगळा जिना हसला.

मशीन थांबलं. मामी दारात आल्या. त्या हसत नव्हत्या.

"गाढव ऐकू आलं," त्या म्हणाल्या. "त्याच्या आधीचं नाही आलं. ते पुन्हा सांगा."

अँटेनाने लिफ्टमधून बाहेर येऊन पुन्हा सांगितलं.